पाच बाय पावणेसहा

त्या रविवारी सकाळी आईने चहा अर्धाच घेतला आणि कप माझ्याकडे सरकवला.

“पूर्ण घे की.”

“दुपारी कार्यक्रम आहे ना.”

एवढ्यावर बोलणं संपलं. पुढचं आम्हा दोघींना पाठ होतं. बाहेर जायचं असेल त्या दिवशी आई पाणी पीत नसे. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि बाहेर तिला जाता येईल अशी जागा कुठेच नसते. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेल्याला तीन वर्षं होत आली होती. खुर्चीतून उठवायला, बसवायला, लुगडं सोडायला आणि पुन्हा नेसवायला मी लागायचे. त्यामुळे दवाखान्यात जायचं असो की लग्नाला, सकाळचा अर्धा कप चहा, मग घरी परत येईपर्यंत काही नाही.

“साडेपाचला घरी येऊ,” ती म्हणाली. “भाकरी खाते, दोन तांबे पाणी पिते. सहाला दिवस मावळतो. बसतं सगळं.”

आई गणिताची शिक्षिका. अठ्ठावीस वर्षं मुलींच्या शाळेत मगदूम बाई म्हणून तिचा दरारा होता. आणि आम्ही जैन. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, हा नेम तिने माझ्या जन्माच्या आधी घेतला होता. पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हाही तिने डॉक्टरांकडून गोळीची वेळ बदलून घेतली होती. डिसेंबर महिना होता. दिवस लहान.

“गाऊनच असू दे,” मी म्हटलं. “वरून शाल घेऊ.”

“माझ्या पोरींनी बोलावलंय आणि मी गाऊन घालून जाऊ? निळी इरकल काढ.”

इरकल नेसवायला पाऊण तास लागला. मध्ये एकदा माझ्या पाठीत उसण भरली, तेव्हा ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणाली, “त्रिशू, तू लहानपणी एवढी जड होतीस ना, त्याचा सूड घेतेय मी.”

कार्यक्रम होता गावातल्या नव्या सांस्कृतिक भवनात. शाळेच्या जुन्या मुलींनी शिक्षिकांचा सत्कार ठेवला होता. भवनाचे नकाशे आमच्या ऑफिसने केले होते, आणि हे आईने रिक्षावाल्यापासून सगळ्यांना सांगितलं.

“हे माझ्या मुलीच्या ऑफिसनं बांधलंय.”

“बांधलं नाही गं, नकाशे काढले.”

“तेच ते. बघ, उतार किती छान केलाय. ढकलणाऱ्याला दम लागत नाही.”

उतार खरंच चांगला झाला होता. बारा फुटांना एक फूट चढ. मी आमची खुर्ची वर नेली. जुन्या दवाखान्याची, न मिटणारी, लोखंडी खुर्ची होती. चाकं भक्कम होती म्हणून आम्ही ती ठेवली होती, रिक्षाच्या मागे बांधून नेत असू. आत शिरताच पन्नाशीच्या दहाबारा बायका आईच्या पाया पडायला धावल्या. एकीने विचारलं, “बाई, ओळखलंत?” आई म्हणाली, “तू ती अपूर्णांकाला रडणारी.” सगळ्या हसल्या, ती बाईही हसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. तीन वर्षांत आई एवढी ताठ बसलेली मी पाहिली नव्हती.

कार्यक्रम दोनला होता. पाहुणे साडेतीनला आले. भाषणांमागून भाषणं सुरू झाली. पाच वाजून दहा मिनिटांनी आईने माझी बाही ओढली.

“मला जायचंय.”

“आत्ताच रिक्षा आणते. दहा मिनिटांत घरी.”

“दहा मिनिटं नाहीत माझ्याकडे.”

तिने असं याआधी कधीच म्हटलं नव्हतं. मी खुर्ची वळवली.

अपंगांसाठीचा संडास बायकांच्या प्रसाधनगृहाच्या बोळात, अगदी टोकाला होता. दाराला कुलूप. किल्ली तिथल्या सफाईवाल्या अक्काताईंच्या कमरेला. पन्नाशीच्या, काटकुळ्या, पानाने ओठ लाल झालेल्या.

“ह्याची किल्ली आजपातूर कुणी मागितलीच न्हाई बगा,” त्या म्हणाल्या आणि आतल्या बादल्या, खराटे पटापट बाहेर काढले. फरशी नुकतीच पुसलेली, ओली होती.

खुर्ची आत गेली. मग मी आत शिरायला गेले आणि जागाच उरली नाही. दार आत उघडणारं होतं. ते लावायचं तर खुर्ची पुढे वॉशबेसिनला भिडवायची, मी कमोडच्या बाजूला अंग चोरून उभं राहायचं आणि मग दार कसंबसं फिरवायचं.

“अर्धवट राहू दे,” मी म्हटलं. “अक्काताई उभ्या राहतील दाराशी.”

“लाव.”

“आई, जागा नाही गं.”

“बाहेर माझ्या पोरी हात धुतायत. लाव म्हटलं ना.”

मी दार लावलं, कडी घातली.

घरी आमची एक पद्धत होती. मी समोर उभी राहायची, ती डावा हात माझ्या मानेत टाकायची, मी ‘एक, दोन’ म्हणायची आणि ती डाव्या पायावर वळायची. इथे समोर उभं राहायला समोरच नव्हतं. भिंतीला आधाराची दांडी होती, चकचकीत, पण ती उजव्या बाजूला, आणि आईचा उजवा हात तिच्या मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून असायचा. तरी कसंबसं जमलं. इरकल वर घेतली, तिला बसवलं. दोघींनी एकदम श्वास सोडला.

“आता सावकाश,” मी म्हणाले.

परत उठवताना माझा एक पाय खुर्चीच्या पाय टेकवायच्या पायटीच्या आत आणि एक बाहेर होता. ती वळली. ओल्या फरशीवर तिचा डावा पाय हळूच पुढे सरकला. मी तिला पडू दिलं नाही, एवढंच म्हणता येईल. दोन्ही हातांनी धरून मी तिला खाली जाऊ दिलं. ती दाराला पाठ लावून फरशीवर बसली आणि तिचे पाय खुर्चीखाली गेले. खुर्चीला धक्का लागला आणि तिचं पुढचं चाक बेसिनचा खांब आणि कमोडच्या मधे जाऊन अडकलं.

“लागलं?”

“नाही.” जरा वेळाने, “लुगडं भिजलं.”

मी तिच्या काखेत हात घालून पाहिलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिला उचलायला मला वाकायला हवं होतं, आणि वाकायला माझ्यामागे कमोड होता. खुर्ची मागे ओढावी तर मागे आई. आईला पुढे सरकवावं तर पुढे खुर्ची.

“किती वाजले?” तिने विचारलं.

“पाच पंचवीस.”

“पस्तीस मिनिटं आहेत.”

बाहेरून दार वाजलं. “झालं का ओ ताई?”

“अक्काताई, आई खाली बसलीय. उठवता येत नाही.”

“अगं बया! थांबा, मी येतो आत.” आमच्याकडे बायका अशाच बोलतात, येतो, जातो. मी कडी काढली आणि त्यांनी दार ढकललं. ते आईच्या पाठीवर आपटलं. आईचं डोकं पुढे गेलं.

“ढकलू नका!” मी ओरडले. “ती दारालाच टेकलीय.”

बाहेर कुजबुज झाली. मग पुरुषाचा आवाज आला. भवनाचे व्यवस्थापक, बिरंजे. “मॅडम, मी आणि वॉचमन जोर लावतो. जरा बाजूला व्हायला सांगा आजींना.”

“तिला बाजूला होता येत नाही.”

“मग बिजागऱ्या काढून दार बाहेर घेतो.”

“बाहेर येणार नाही ते. चौकटीची खाच आतल्या अंगाला आहे. दार आतच येणार.”

“हां? असं कसं बसवलं?”

मी दार आणि आईच्या डोक्याच्या मधे हात घातला.

“सुतार बोलावतो,” बिरंजे म्हणाले. “पण आज रविवार. फोन करून बघतो. नाहीतर मग सरळ फायर ब्रिगेड.”

“नको,” आई म्हणाली. तिचा वर्गातला आवाज. दारापलीकडेसुद्धा सगळे गप्प झाले. “घंटा वाजवत येतील. माझ्या मुली आहेत बाहेर. त्यांना सांगा, बाई पाणी प्यायला गेल्यात.”

मी कमोडच्या झाकणावर बसले. आमचे गुडघे खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी एकमेकींना जवळजवळ लागत होते. वर, छताच्या खाली, काचेच्या पट्ट्यांचा झरोका होता. त्यातून येणारं ऊन समोरच्या टाइल्सवर चौथ्या ओळीपर्यंत आलं होतं आणि नारिंगी व्हायला लागलं होतं. सभागृहातून टाळ्या ऐकू आल्या. कुणाचं तरी भाषण संपलं असावं, किंवा सुरू झालं असावं.

आई भिंतींकडे बघत होती. माझी वही तपासताना बघायची तशी.

“किती आहे गं ही खोली?”

“पाच बाय पावणेसहा.”

“फूट?”

“हो.”

“आणि खुर्ची?”

“अडीच बाय साडेतीन.”

“म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा खुर्चीच खाते. त्यात कमोड, त्यात बेसिन, त्यात दाराचा फेर. उरलं काय? एका माणसाचं आहे हे. ते खुर्चीवालं माणूस आपलं आपण आत येणार, आपलं आपण उठणार, बसणार आणि जाणार.” तिने मान वर केली. “असं माणूस असतं का गं?”

“असतात. दोन्ही हात चांगले असले की जमतं.”

“मग माझ्यासारख्यांचं?”

मी खुर्चीचं चाक हलवून पाहिलं. ते हललं नाही.

“हे कुणी काढलं, तुमच्यात?”

“होता एक.”

“कोण?”

“होता. सोडून गेला.”

“पोरगाच असणार,” आई म्हणाली. तिने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर नीट ठेवला. “त्याला रागावला नाहीत ना कोणी?”

“नाही.”

“नकोच. त्याच्या घरात कुणी असं बसलेलं नसणार. नाहीतर एवढं गणित सुटलं असतं त्याला.”

नळ गळत होता. मी उठून तो घट्ट केला. तो तसाच गळत राहिला.

सुतार जयसिंगपूरला लग्नात होता. यायला तास लागेल असा निरोप आला. पावणेसहाला झरोक्याबाहेर काहीतरी खडखडलं आणि पट्ट्यांच्या मागे अक्काताईंचा चेहरा उगवला.

“बाई! मी हितं हाय!” मागच्या अंगणाच्या दाराची किल्ली वॉचमनकडे, वॉचमन सुताराच्या घरी गेलेला, म्हणून इतका वेळ लागला होता. स्टेजच्या मागची शिडी त्यांनी आणवली होती. “काचा काढतो एकेक. मग येतो आत.”

“एवढ्याशा भोकातून?” मी म्हटलं.

“माझं काय वजन हाय? न्हवरा म्हनतो, तुला दोरीवर वाळत घातली तर चिमटा लागंल.”

आई हसली. मोठ्याने हसली. दाराला टेकलेली तिची पाठ हलली आणि दार कडकडलं.

पट्ट्या जुन्या नव्हत्या, पण रंगाऱ्याने चौकटीसकट रंगवल्या होत्या, निघेनात. पहिली निघाली तेव्हा अक्काताईंनी त्या फटीतून पाण्याची बाटली आत दिली. सीलबंद.

“बाईंनी सकाळपासनं पानी घेतलं न्हाई म्हनं. तुमच्या त्या मुली सांगत हुत्या. जेवायलाबी बसल्या न्हाईत.”

मी बाटली उघडली. पाच बावन्न. टाइल्सवरचं ऊन आता फक्त वरच्या ओळीत होतं.

“आई, घे.”

“इथे?”

“दोन घोट घे. अजून आठ मिनिटं आहेत.”

“संडासात बसून पाणी पिऊ?”

“कोण बघतंय आई?”

“मी बघतेय ना.”

मी बाटली तिच्या ओठांजवळ नेली. तिने मान फिरवली. लहान मुलासारखी नाही, अगदी शांतपणे. मी बाटली तशीच धरून राहिले. हात अवघडून बाटली कलली, तेव्हा ती म्हणाली, “झाकण लाव. सांडेल.”

“आई, हट्ट करू नको.”

“बाहेर गेल्यावर घेते. ती बाई काढतेय ना काचा.”

दुसरी पट्टी निघाली. तिसरी तुटली. चौथीला अक्काताईंच्या बोटाला लागलं आणि त्या पलीकडे रंगाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागल्या. मी घड्याळाकडे पाहत नव्हते, टाइल्सकडे पाहत होते. नारिंगी रंग गेला. मग नुसता उजेड राहिला, कसलाच रंग नसलेला. आईसुद्धा तिकडेच बघत होती. मला वाटतं त्या सगळ्या वेळात मला सर्वांत जास्त भीती ती काहीतरी बोलेल याची वाटत होती.



सहा वाजून दहा मिनिटांनी अक्काताईंचे पाय आत आले, मग लुगडं, मग त्या सगळ्या. कमोडच्या टाकीवर पाय देऊन त्या झाकणावर उतरल्या आणि तिथूनच खाली वाकून त्यांनी आईच्या काखेत हात घातले. मी कमरेला धरलं. “घ्या! हय्या!” आई उठली. दोन माणसं लागली आणि दहा सेकंद लागले. आई माझ्या अंगावर रेलली, तिचा श्वास माझ्या गळ्याला लागला. तो गरम होता, आणि तोंड कोरडं पडल्याचा वास त्याला होता. अक्काताईंनी लाथ घालून खुर्ची सोडवली. बिरंजेंनी दार आत ढकललं, खुर्ची बाहेर ओढून घेतली आणि मग आम्ही आईला तिच्यात बसवलं.

बोळात दिवे लागलेले होते.

अक्काताईंनी कुठूनतरी स्वच्छ पेला आणला, विसळला, त्यात पाणी ओतलं. आईने पेल्याकडे पाहिलं आणि मग बोळाच्या खिडकीतून बाहेर पाहिलं.

“मावळला,” ती म्हणाली.

“आई, आजच्या दिवस. प्लीज.”

“चाळीस वर्षांचा नेम आहे. एका संडासापायी मोडू?”

“औषद म्हनून घ्या की बाई,” अक्काताई म्हणाल्या.

“उजाडल्यावर घेते. दोन तांबे घेते, मग तर झालं?” आईने त्यांचा हात धरला, रक्ताळलेल्या बोटाचा. “तुमच्या बोटाला हळद लावा.”

रिक्षात मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. मला राग आला होता. तो कुणाचा हे तेव्हाही मला माहीत होतं, पण तिला वाटलं तिचाच. घराच्या वळणावर ती म्हणाली, “कार्यक्रम छान झाला हं. ती अपूर्णांकवाली आता बँकेत मॅनेजर आहे.” घरी गेल्यावर मी तिचं लुगडं बदललं, तिला निजवलं. तिने विचारलं, “जेवलीस का?” मी हो म्हटलं. तिच्या समोर खाणं मला शक्य नव्हतं आणि खाल्लं नाही हे सांगणंही.

उजाडलं तेव्हा मी तांब्या भरून तिच्या खोलीत गेले. ती जागी होती. माझ्याकडे बघत होती. तोंडाची डावी बाजू खाली आली होती. मी पेला लावला तर पाणी ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळलं.

गुरुवारी दुपारी ती गेली. तोवर ती एक शब्दही बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका अशा पेशंटला कधीही येऊ शकतो. पाणी कमी पडलं होतं का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडं. त्यांनी लिहून घेतलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका म्हणत, बाई आमच्यासाठी आल्या, आम्हाला शेवटचं भेटून गेल्या, भाग्यवान आम्ही. मी त्यांना चहा देत होते.

मग नऊ वर्षं गेली.

मधल्या काळात मी ते ऑफिस सोडून स्वतःचं छोटं ऑफिस काढलं. मोठी कामं मी घेत नाही. शाळा, ग्रंथालयं, दवाखाने यांची प्रसाधनगृहं मात्र मागून घेते. लोकांना याचं नवल वाटतं. माझी एक पद्धत आहे: खुर्चीवाल्यांसाठीचा संडास मी कागदावर पुरा करत नाही. ऑफिसच्या गच्चीवर खडूने तो खऱ्या मापाचा आखते. कमोडच्या जागी स्टूल, बेसिनच्या जागी खोकं, भिंतींच्या जागी रेघा. मग खुर्ची वापरणाऱ्या एखाद्या माणसाला बोलावते. एकट्याला नाही, त्याला उचलणाऱ्या माणसासकट. ते दोघं माझ्यासमोर आत जातात, उठतात, वळतात, बसतात. कुठे कुणाचा पाय रेघेवर पडला की मी रेघ पुसते आणि पुढे सरकवते.

गेल्या महिन्यात एका सरकारी दवाखान्याच्या कामासाठी बाळगोंडा चौगुले आले होते. यंत्रमागावर जॉबर होते. माग दुरुस्त करायचे. आता सत्तरीच्या पुढे, दोन्ही पाय निकामी, एक हात थोडा चालतो. त्यांना आणणारी त्यांची मुलगी सुवर्णा, चाळिशीची. तिचा बांधा माझ्यासारखाच, आणि उठताना ती कमरेवर हात ठेवते तेही माझ्यासारखंच. दवाखान्याचे इंजिनिअर भोजे कठड्याला टेकून बघत होते.

मी आखलेली खोली आठ बाय साडेआठ होती. दार बाहेर उघडणारं. स्टुलाच्या दोन्ही बाजूंना माणूस उभं राहील एवढी जागा. सुवर्णाने वडिलांना उचललं, वळवलं, बसवलं. एकदाही रेघेवर पाय पडला नाही.

“आरं तिच्या,” चौगुले म्हणाले. “हितं तर माग बसंल एक.”

“तेच म्हणतोय मी,” भोजे म्हणाले. “मॅडम, नियमात पाच बाय पावणेसहा आहे. तुम्ही दुप्पट करून ठेवलंय. मला औषधांचं स्टोअर बसवायचंय शेजारी. दोन-अडीच फूट सोडा. दार आत घेतलं की बोळ पण मोकळा होतो.”

“दार आत घेता येणार नाही.”

“नियमात चालतं.”

“नियम मला माहीत आहे.”

“मग? दिवसाला किती जण येणार हे वापरायला? एक? दोन?” त्यांनी सुवर्णाकडे पाहिलं. “तुम्हीच सांगा ताई. महिन्यातनं किती वेळा आणता ह्यांना बाहेर?”

सुवर्णा वडिलांना परत खुर्चीत बसवत होती. तिने त्यांचा शर्ट खाली ओढला, पाय पायटीवर ठेवले. घाम पुसला. ती दमली होती, आणि चारचौघांत आपल्यामुळे वाद नको, अशी तिची घाई होती.

“घ्या की कमी करून,” ती म्हणाली. “ह्यांचं काय, तपासणीला आलो तरी घरनंच आवरून येतो. आता बाबा कुठं बाहेर जाणार आहेत?”

चौगुले खडूच्या रेघेकडे बघत होते. त्यांचा चालता हात चाकावर होता.  तोंड एवढं शांत कसं ठेवायचं हे अशा माणसांना कोण शिकवतं, मला माहीत नाही.

“झालं तर मग,” भोजे म्हणाले. “ही भिंत इथे घेऊ.” त्यांनी बुटाच्या टोकाने रेघेच्या आत एक खूण केली.

“थांबा,” मी म्हणाले.

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. भोजेंनी पाय मागे घेतला. सुवर्णाने वर पाहिलं. मी तिच्याकडे बघून बोलले, कारण तीच एक होती जिला ते कळलं असतं.

“गावातल्या सांस्कृतिक भवनात एक असाच संडास आहे. माझी आई त्यात अडकली होती. त्यानंतर चार दिवसांनी गेली. कुणी काढलाय म्हणून तिने मला विचारलं, तर मी तिला सांगितलं, एक मुलगा होता, सोडून गेला.” मी हातातला खडू खाली ठेवला. “तो मी काढलाय. आधी दार बाहेरच उघडत होतं. बोळात येतं म्हणून हरकत आली, तर नकाशा द्यायच्या दिवशी पाच मिनिटांत मी ते आत फिरवलं. तेव्हा आईला खुर्चीत बसून आठ महिने झाले होते. त्या दिवशी सकाळीही मी तिला उचलून नेलं होतं. आणि दार फिरवताना ती माझ्या मनात आली नाही, असं नाही. आली होती. मी स्वतःशी म्हटलं, आई आता कुठे बाहेर जाणार आहे.”